अढी

रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या घरात खून पडतो. जेवणं झालेली असतात, ओटा पुसलेला असतो, सासूबाई सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या असतात आणि समोर टीव्हीत कुणीतरी जिन्यावरून गडगडत येऊन पालथं पडतं. सासूबाई तेलाची वाटी बाजूला सरकवतात. "हां, बघू आता कोण ते," म्हणतात. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची चाळ जाऊन तिथे सात मजली इमारत आली, बाहेरच्या खोलीचा हॉल झाला, टीव्हीचं खोकं जाऊन पाटीसारखा पातळ टीव्ही भिंतीवर चढला. साडेनऊचा मुडदा तेवढा कधी चुकला नाही.

मी या घरात आले १९९७च्या मे महिन्यात आणि पुढच्याच जानेवारीत सी.आय.डी. सुरू झालं. म्हणजे माझा संसार आणि एसीपी प्रद्युम्न जवळपास एकाच वयाचे. २०१८मध्ये ती मालिका थांबली तोवर १५४७ भाग झाले होते. पुढची सहा वर्षं, म्हणजे २०२४च्या डिसेंबरात ती परत येईपर्यंत, आम्ही जुनेच भाग पुन्हा पुन्हा बघितले. खुनी कोण हे पाठ असतानाही. प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम आधी बँकेत नोकरीला होते, हे कळल्यापासून सासूबाईंचा त्यांच्यावर फार विश्वास. "बँकेतला माणूस आहे तो. हिशेब जुळल्याशिवाय उठायचा नाही." त्यांना मालिकेतली एकच गोष्ट खटकते. दया दरवाजा तोडतो ती. "आधी कडी तरी वाजवून बघा मेल्यांनो! सागवानी दार आहे, कुणी भरून द्यायचं?"

सासूबाईंच्या लेखी खुनी दोन प्रकारचे. इस्टेटीसाठी, विम्यासाठी, बाईसाठी मारणारा एक. त्याच्यावर त्या पहिल्या जाहिरातीच्या आतच तीनशे दोन लावतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना सांगितलं, की आता नवा कायदा आलाय, २०२४च्या जुलैपासून खुनाचं कलम १०३ झालंय. त्यावर त्या म्हणाल्या, "होऊ दे. आपण तीनशे दोनच म्हणायचं. स्टेशनला काय आता कुणी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतं का, व्हीटीच म्हणतात." दुसरा खुनी सूड घेणारा. हा आला, की आमच्या हॉलमधलं वारं फिरतं. सासूबाई पुढे सरकून बसतात. पोलीस त्याच्या जवळ पोचायला लागले, की त्यांचा जीव खालीवर होतो. "सापडू नये गं," असं त्या चक्क म्हणतात. एरवी चतुर्थी न मोडणारी, मुंगीच्या वाटेवर साखर ठेवणारी एकोणऐंशी वर्षांची बाई, चार मुडदे पाडणाऱ्या माणसासाठी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलते.

या कथांचा साचा आता आम्हाला तोंडपाठ आहे. आधी एक बिल्डर मरतो, मग एक डॉक्टर, मग परदेशातून आलेला कुणी. पैशाच्या खुनात पोलीस जिवंत माणसांकडे बघतात. मृत्युपत्रात कुणाचं नाव, विमा कुणाच्या नावावर, सगळं पुढचं. सुडाच्या खुनात मात्र मेलेल्यांकडे बघावं लागतं. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय? मग कुठल्यातरी कपाटातून जुना फोटो निघतो, त्यात तिघं खांद्यावर हात टाकून उभे असतात आणि चौथ्याचं डोकं कात्रीने कापलेलं असतं. सासूबाई फोटोपर्यंत थांबतच नाहीत. त्या भिंती बघतात. ज्याच्या घरात हार घातलेला, विशीतल्या मुलीचा फोटो, तो खुनी. बहुधा तो गरीब असतो, सगळ्यांना चहा आणून देणारा असतो आणि वीस वर्षं तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वावरत असतो. शेवटी तो मारायच्या आधी समोरच्याला विचारतो, "ओळखलंस मला?" हे त्याने विचारलंच पाहिजे. न ओळखता मेला तर एवढ्या वर्षांचं पाणी भरणं फुकट.

मला आधी वाटायचं, सासूबाईंना रक्तपात आवडतो. तसं नाही. त्यांचं लक्ष सगळं त्या जुन्या प्रसंगावर असतं. दाखवताना तो काळपट-निळसर रंगात दाखवतात, म्हणून त्या त्याला 'निळं' म्हणतात. "निळं कधी येणार?" निळ्यात नेहमी एकच घडतं. कुणीतरी चौकीवर जातं आणि तक्रार लिहून घेतली जात नाही. किंवा लिहितात, 'अपघात' म्हणून. "बघ," सासूबाई म्हणतात, "तेव्हाच नीट लिहून घेतलं असतं, तर आज हे चौघं घरी वरणभात जेवत असते." त्यांच्या मते बारा आणे गुन्हा त्या वहीवाल्या हवालदाराचा.

एकदा वीज गेली होती. साडेनऊलाच. मटार सोलता सोलता मी त्यांना शेरलॉक होम्सची पहिली कथा सांगितली, १८८७ सालची. म्हटलं, हेरांच्या कथांतला हा सगळ्यात नावाजलेला हेर, त्याचं पहिलंच प्रकरण सुडाचं. लंडनमधलं रिकामं घर, जमिनीवर प्रेत, अंगावर ओरखडाही नाही आणि भिंतीवर रक्ताने लिहिलेला एक शब्द. पोलिसांना वाटतं, बाईचं नाव लिहिता लिहिता अर्धं राहिलं. होम्स म्हणतो, पूर्ण शब्द आहे, जर्मन आहे, अर्थ सूड.

"शब्द काय पण?"

"राख. तसाच काहीसा उच्चार आहे."

"मग जर्मन कशाला? राख म्हणजे राखच की," असं म्हणून त्यांनी एक किडका मटार बाजूला टाकला.

खुनी घोडागाडी हाकणारा असतो, असं मी सांगितलं. प्रेमातल्या मुलीचा आणि तिच्या बापाचा जीव घेणाऱ्या दोघांच्या मागावर तो अमेरिकेपासून लंडनपर्यंत वीसेक वर्षं असतो. शहरात कुणालाही शोधायचं तर गाडीवान होण्यासारखी दुसरी सोय नाही, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. हे त्यांना एकदम पटलं. आपण तरी स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखालून रिक्षात बसतो तेव्हा काय बघतो? आरशातले डोळे आणि मीटर. शेवटी तो पकडला जातो, पण छातीतल्या रोगाने खटला उभा राहायच्या आधीच मरतो, हे ऐकल्यावर सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मग जरा थांबून म्हणाल्या, "वीसच वर्षं ना?"

सूड म्हटला की त्यांना सरसकट चालतो असंही नाही. अश्वत्थामा त्यांना मुळीच चालत नाही. बापाला कपटाने मारलं, इथवर त्यांची सहानुभूती त्याच्याकडे. पण रात्री वडाखाली बसलेला असताना झोपलेल्या कावळ्यांना मारणारं घुबड त्याला दिसलं, त्याने त्यावरून धडा घेतला आणि द्रौपदीची पाच पोरं झोपेत कापली, इथे त्यांचा कायदा बदलतो. "जागं करायचं होतंन् मग मारायचं होतं." त्यांच्या लहानपणी कोकणात तिन्हीसांजेला तेल मागायला दारात कुणी आलं, की आजी पोरांना आत घ्यायची, अश्वत्थामा असेल म्हणून. आणि तेल? तेल द्यायची. तेलाला नाही म्हणायचं नाही.

मराठीत सुडाला शब्द भरपूर. उट्टं काढतात, वचपा काढतात, दात धरतात, खुन्नस काढतात, सापासारखा डूख धरतात. पण आमच्या घरात जे आहे, त्याला यांतला एकही शब्द लागू पडत नाही. त्याला अढी म्हणतात. आंब्याची असते तीच. कच्चं फळ गवतात ठेवायचं, वरून झाकायचं, आणि हात लावायचा नाही. आता ठाण्यात गवत कुठून आणायचं, म्हणून आमच्याकडे आंबे, चिकू सगळं तांदळाच्या डब्यात जातं. मे महिन्यात आमच्या भातालासुद्धा हापूसचा वास येतो.

सासूबाईंच्या मनातली अढी आहे १९९० सालच्या दिवाळीची. त्यांच्या आईने दिलेला पितळी सोऱ्या होता. जड, स्क्रूचा, पाच चकत्यांचा. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी तो दोन दिवसांसाठी मागून नेला आणि आठ दिवसांनी परत आणला. आला तो चारच चकत्यांनिशी. चकलीची चांदणीची चकती नव्हती. सासूबाईंनी विचारलं, तर काकू शांतपणे म्हणाल्या, "दिलात तेव्हा नव्हतीच."

एवढंच. चकती हरवल्याचं त्यांना काही नव्हतं, हरवते माणसाकडून. पण 'नव्हतीच' म्हटल्यावर खोटं कोण पडलं? सासरे वागळे इस्टेटमधून पाळी संपवून घरी आले, तेव्हा त्यांच्यासमोर हा खटला मांडला गेला. त्यांनी बूट काढता काढता सांगितलं, "जाऊ दे गं, एक चकती ती." निळ्यातला हवालदार तो हाच. सासरे गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. पण टीव्हीत कुणी "जाऊ दे" म्हटलं, की सासूबाई अजून त्यांच्या फोटोकडे बघतात.

तेव्हापासून आमच्या घरी चकली झाली नाही. मी आले त्या वर्षी हौसेने नवा सोऱ्या आणते म्हटलं, तर "नको" एवढंच उत्तर आलं. जुना माळ्यावर आहे, जुन्या धोतरात गुंडाळलेला, चार चकत्यांसकट. काकूंनी १९९३मध्ये घोडबंदर रोडला जागा घेतली, कासारवडवलीच्या पुढे. तेव्हा तिथे संध्याकाळी कोल्हे ओरडतात अशी चाळीत चेष्टा चालायची. पुढे लग्नामुंजीत भेटी झाल्या, हळदीकुंकवं झाली. सासूबाई त्यांच्याशी गोड बोलायच्या. इतक्या गोड, की मला शंका यायला हवी होती.

परवा फेब्रुवारीत काकू आल्या. नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला, मेट्रोच्या खांबांमधून रिक्षाने दीड तास आपटत. ब्याऐंशीच्या आहेत. बरोबर स्टीलचा डबा, घरी केलेले बेसनाचे लाडू. डब्यावर नाव घातलेलं आणि झाकणावर 'मुंजीप्रीत्यर्थ' आणि तारीख, ठिपक्याठिपक्यांनी. दोघी शेजारी बसल्या. गुडघे झाले, साखर झाली, चाळीतले कोण कोण राहिले याची मोजदाद झाली. आणि मग काकू माझ्याकडे वळून, डोळे बारीक करून, अगदी मनापासून म्हणाल्या, "तुझ्या सासूच्या हातच्या चकल्या खाल्ल्यास का गं? अख्ख्या चाळीत तशी चकली नव्हती."

मी सासूबाईंकडे बघितलं. एकही रेघ हलली नाही.

"अगं, जा," त्या मला म्हणाल्या, "राम मारुती रोडवरून पाव किलो चकली घेऊन ये. त्यांना आवडते."

मी गेले. परतायला पाऊण तास लागला, पार्किंगवरून दोन गाड्यांचं भांडण लागलं होतं. आले तेव्हा चहा झाला होता, काकू निघायच्या तयारीत चपला शोधत होत्या. डबा रिकामा देऊ नये म्हणून सासूबाईंनी त्यात वाटीभर साखर घातली होती आणि वर प्लॅस्टिकची पिशवी ताणून रबर लावलं होतं.

"झाकण?" मी विचारलं.

"आणलंत तेव्हा नव्हतंच, नाही का हो?" सासूबाई काकूंना म्हणाल्या. आवाजात साय.

काकू जरा गोंधळल्या. डब्याकडे बघितलं, पिशवीत हात घालून बघितलं. "नव्हतं का? मग रिक्षातच पडलं असेल. आताशा लक्षातच राहत नाही काही." मी त्यांना खाली रिक्षात बसवून आले. चकलीचा पुडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

संध्याकाळी कुकर लावायला तांदूळ घ्यायचे म्हणून डब्यात हात घातला. मापासाठी जरा खोल जावं लागलं. बांगडी कशावर तरी खण्णकन वाजली. फेब्रुवारीत आमच्याकडे आंबे नसतात. तांदूळ बाजूला केले, तर ठिपके लागले बोटांना. 'मुंजी' एवढं दिसलं. मी तांदूळ परत होते तसे पसरले आणि दोन मापं काढून घेतली.

जेवताना काही बोलले नाही. साडेनऊला सासूबाई तेलाची वाटी घेऊन कोपऱ्यात बसल्या. भाग सुडाचाच होता. निळं येऊन गेलं, जाहिराती येऊन गेल्या, टीम कुठल्यातरी बंद बंगल्याच्या पायऱ्या चढली.

"अहो आई," मी म्हटलं, "तांदळात काय ठेवलंय?"

सासूबाईंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. तेलकट बोट ओठांवर ठेवलं.

"शू! दार तोडतोय."