पाडवा ते पाडवा: माझ्या वहीतलं गेम आणि पिक्चरचं वर्ष

आमच्या घरात हिशेबाचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला उघडतं. बेळगावच्या वडगावात आमचे चार माग आहेत. कुठल्या मागावरून किती साड्या उतरल्या, धागा किती आला, मजुरी कुणाला किती गेली, सगळं एका लाल वहीत असतं. 2 नोव्हेंबर 2024 ला बाबांनी नवी वही पुजली, तेव्हा मी तिच्या शेजारी माझी एक दोनशे पानी वही ठेवली. तिच्यात फक्त गेम आणि पिक्चर. 22 ऑक्टोबर 2025 ला ती बंद केली. एकूण 69 नोंदी. 17 गेम सुरू केले, त्यातले 8 पुरे झाले. पिक्चर 52, त्यातले 13 थेटरात.

आकडे याआधीही ठेवत होतो. यंदा नवीन केलं ते एवढंच की प्रत्येक नोंदीला दोन ओळी दिल्या. पहिली ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायची. दुसरी बरोबर महिन्यानं, पहिली न वाचता. महिन्यानंतर डोक्यात काय उरलंय, तेवढंच त्या ओळीत. काहीच उरलं नसेल तर जागा कोरी सोडायची. 69 पैकी 21 नोंदींना दुसरी ओळ मिळाली. ज्यांच्यापुढं पहिल्या दिवशी मी 'जबरदस्त' लिहिलं होतं, त्यातल्या कितीतरींची जागा कोरी आहे. आपल्यापैकी जे कुणी नोंद ठेवतात त्यांनी हे एक वर्ष करून बघाच. मी तरी आता सोडणार नाही.

त्या 21 मधल्या सगळ्यांवर लिहीत नाही, मोजक्यांवरच लिहितो.

'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' थेटरात बघायचा राहून गेला, जानेवारीत घरीच बघितला. पायल कपाडियांच्या या पिक्चरला मे 2024 मध्ये कान फिल्म फेस्टिव्हलला ग्राँ प्री हे बक्षीस मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतातला पिक्चर तीस वर्षांनी पोचला होता. दुसऱ्या ओळीत मी दोनच शब्द लिहिलेत: 'लाल कुकर'. एका नर्सचा नवरा जर्मनीत, त्याचा फोन नाही, पत्र नाही, आणि एक दिवस भाताचा कुकर घरी येतो. रात्री ती नर्स जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. छाया कदमांचं काम तर आहेच, पण महिनाभर माझ्यासोबत राहिला तो कुकर.

एप्रिलमध्ये 'ब्लू प्रिन्स' हा गेम आला आणि मे-जून तोच खेळलो. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नायकाच्या आजोबांचा भाऊ मृत्युपत्रात वाडा ठेवून जातो. वाड्याच्या 45 खोल्या. 46 वी शोधलीस तर वाडा तुझा. नकाशा पाच घरं रुंद, नऊ घरं उभा. दारापुढं उभं राहिलं की तीन खोल्या समोर येतात, त्यातली एक निवडायची, की पलीकडं ती खोली तयार. दिवसाला 50 पावलं. प्रत्येक खोलीत शिरताना एक जातं. दुसऱ्या दिवशी सगळ्या खोल्या पुसल्या जातात आणि वाडा परत कोरा होतो. टोंडा रॉस या माणसानं यावर आठ वर्षं घालवली.

गेम सुरुवातीलाच सांगतो, वही घेऊन बसा. मी माळ्यावरून काठाची नक्षी काढायचे जुने ग्राफ पेपर काढले. आजोबा त्यावर एक चौकोन म्हणजे एक धागा धरून कोयरी उतरवायचे. अर्धे कागद पिवळे पडलेत, कडेला त्यांच्या अक्षरात आकडे आहेत. त्याच कागदांवर मी पाच बाय नऊचा वाडा रोज नव्यानं मांडला. कुठली खोली कुणाजवळ आली, कुठल्या भिंतीवर काय होतं, पार्लर नावाच्या खोलीतल्या तीन पेट्यांवर काय लिहिलं होतं, सगळं टिपलं. पेट्यांचं कोडं मला फार आवडलं. निदान एका पेटीवरचं सगळं खरं, निदान एकीवरचं सगळं खोटं, हे धरून रत्नं कुठल्या पेटीत आहेत ते काढायचं. पहिल्या आठवड्यात सोपं वाटतं, पुढं पुढं वाक्यं एकमेकांत अशी गुंततात की कागदाशिवाय सुटत नाहीत.

46 वी खोली मला 37 व्या दिवशी मिळाली. गेममधल्या दिवशी, म्हणजे. त्याच्या चारच दिवस आधी एक चांगला डाव हातचा गेला. पावसात लाइट गेली, माझ्या लॅपटॉपची बॅटरी जुनी, पाच मिनिटांत बंद. मी खेळलो तेव्हा चालू दिवस मध्येच सेव्ह होत नव्हता. वरच्या रांगेपर्यंत पोचलेला दिवस गेला. पण कागद होता. अंधारात मेणबत्ती लावून त्या दिवसाचा नकाशा पुरा केला, आणि तेव्हा लक्षात आलं की मी दोन खोल्या चुकीच्या कडेला लावत होतो.

गेमची एक गोष्ट मात्र खटकली. उत्तर माहीत असतं, आणि हवी ती खोलीच चार-चार दिवस येत नाही. पंप रूमसाठी मी पाच दिवस थांबलो. त्यात कोडं काही नाही, नुसतं नशीब आहे. 46 व्या खोलीनंतरची बरीच कोडी इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगवर बेतलेली आहेत. तिथं मी थांबलो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

जुलैत लॅपटॉपची चार्जिंग पिन जळाली. दुरुस्तीला दिला तर आज-उद्या करत तीन आठवडे गेले, आणि परत आला तेव्हा कीबोर्डचं एक बटण गायब. त्या तीन आठवड्यांत गेम बंद, म्हणून थेटर.

त्यामुळंच 'सु फ्रॉम सो' हा कन्नड पिक्चर मिळाला. 25 जुलैला आला, मी दुसऱ्या आठवड्यात गेलो. सोबत आमच्याकडं कांड्या भरणारे अण्णा. त्यांची कन्नड घरची, माझी गल्लीतली आणि बाजारातली. जे. पी. तुमिनाड यांनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यातलं मुख्य पात्र, अशोक, तेही त्यांनीच केलं. किनाऱ्याकडचं एक छोटं गाव. एक पोरगं अडचणीतून सुटायला वेडंवाकडं वागतं, आणि गाव ठरवून टाकतं की याच्या अंगात सोमेश्वरची सुलोचना शिरली आहे. मग अख्खं गाव त्या बाईची सोय बघायला लागतं. पहिल्या वीस मिनिटांत मी अण्णांना तीनदा विचारलं, "अण्णा, काय म्हणाला तो?" चौथ्यांदा विचारलं तेव्हा ते पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "नन्गू तिळीलिल्ल." त्यांनाही कळलं नव्हतं. मंगळूरकडची ती बोली आमच्या बेळगावच्या कन्नडपासून इतकी लांब आहे. पण इंटरव्हलपर्यंत आम्ही दोघंही डोळे पुसत हसत होतो. आणि शेवटाकडं हसणं थांबलं, कारण भुताची गोष्ट एका जित्या बाईच्या हालांपर्यंत येऊन पोचते. महिन्यानंतरची ओळ: 'भूत बघायला गाव जमलं, बाईला बघायला कुणीच नव्हतं.' घरी येताना अण्णा म्हणाले, "परत जाऊया की." परत गेलो. दुसऱ्यांदा मला बोलीही कळली.

आता सप्टेंबर. 4 तारखेला 'सिल्कसाँग' आला, 'हॉलो नाइट' या गेमचा दुसरा भाग. पहिला 'हॉलो नाइट' 2017 चा, दुसऱ्याची घोषणा फेब्रुवारी 2019 ची, त्यानंतर आपण सगळे वाट बघत होतो. अ‍ॅडलेडच्या टीम चेरीची मूठभर माणसं, आणि हा एवढा मोठा गेम. माझ्या लॅपटॉपवर सुरळीत चालला, कारण ग्राफिक कार्डाला यात फारसं काम नाही.

मागाच्या घरात वाढलेल्या माणसाला हा गेम वेगळा लागतो. गेमची नायिका हॉर्नेट, तिच्या हातात सुई आहे, अंगात रेशीम आहे. राज्याचं नाव फारलूम, त्यातला 'लूम' म्हणजे आमचा माग. मारलं की रेशीम जमतं, रीळ भरते. नऊ धागे साठले की ती हवेतच स्वतःला गुंडाळून घेते आणि एकदम तीन मुखवटे बरे होतात. मुखवटे म्हणजे तिचा उरलेला जीव. ती हालचाल पहिल्यांदा बघितली तेव्हा मला कांडी भरताना दिसली. मेली तर मागं कोश राहतो. तो फोडला की गेलेले मणी परत मिळतात आणि रीळ भरते. मणी म्हणजे इथला पैसा. माळेत ओवून ठेवले तर मेल्यावर जात नाहीत, सुटे ठेवले तर जातात. कोशापर्यंत पोचायच्या आधी परत मेलात तर सगळंच गेलं.

बेलहार्ट गावाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथं पोचलात की घंटांसारखी घरं दिसतात, आणि सगळीवर धागे. माणसं धाग्यात अडकून लटकलेली, आवाज नाही. खाली विडो नावाची बॉस, म्हणजे मोठी शत्रू. तिला हरवलं की धागे सुटतात, गाव हलायला लागतं, आणि हॉर्नेटला सुईवर वाजवायचं वाद्य मिळतं, नीडोलिन. मी ते पहिल्यांदा वाजवलं रात्री नऊच्या पुढं. आमचे माग नुकतेच थांबले होते. दिवसभराच्या खटखटीनंतर कानात जी पोकळी राहते, तिच्यात ते सूर आले. ही नोंद मी दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री केली.

आणि लास्ट जज, आणखी एक बॉस. ब्लास्टेड स्टेप्सच्या टोकाला, हातात साखळीला बांधलेलं पेटतं धुपाटणं. फटका लागला की दोन मुखवटे एकदम. मेल्यावर जिथून परत सुरू होतं त्या बेंचपासून तिच्यापर्यंतची वाट वाऱ्याची आणि जमिनीतून वर येणाऱ्या किड्यांची. पंचवीसाव्या प्रयत्नापर्यंत मी त्या वाटेवरच चिडत होतो. एकदा साडेचारशे सुटे मणी कोशात अडकले आणि वाटेतच परत मेलो. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणंही तिच्याच हातात राहिलं. मग एका रविवारी बाबा मागं उभे राहिले. त्यांना गेम कळत नाही. थोडा वेळ बघून म्हणाले, "अरे, ती फेकताना तू बघतोस. फेकायच्या आधी तिचा खांदा बघ की." धोटा कुठून येणार ते हाताच्या झटक्यावरून ओळखायचं, हातमागावर ते लहानपणी असंच शिकले होते. 34 व्या प्रयत्नाला ती पडली. पडल्यावर तिचा स्फोट होतो हे ऐकून होतो, म्हणून थेट भिंतीपर्यंत पळालो. एक मुखवटा शिल्लक होता.

गेम अवघड आहे का? आहे. सुरुवातीच्या एकदोन बॉसना त्यांनी नंतर थोडं नरम केलं, पण माझ्या मते खरी चूक अवघडपणात नाही, मण्यांच्या तंगीत आहे. पहिल्या अंकात बेंच उघडायलाही मणी मागतात आणि ते पुरत नाहीत. बाकी प्रत्येक मार माझ्याच चुकीचा होता.

त्याच महिन्यात दोन मराठी पिक्चर. 'दशावतार' 12 सप्टेंबरला आला. दिलीप प्रभावळकर 81 व्या वर्षी बाबुली मेस्त्री करतात, आणि रंग लावताना त्यांची बोटं ज्या सवयीनं चेहऱ्यावर फिरतात त्यासाठी मी तिकिटाचे पैसे पुन्हा एकदा भरीन. उत्तरार्धात मात्र आवाज फार चढतो. 'साबर बोंडं' बेळगावात मला कुठं मिळाला नाही, पुण्याला मावशीकडं गेलो तेव्हा बघितला. रोहन कानवडेंच्या या पिक्चरला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांचं सुतक, आणि लहानपणीचा दोस्त बाळ्या. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. आमच्या घरातल्या सुतकात मी हेच प्रश्न ऐकलेत, त्याच आवाजात. निवडुंगाचं फळ काटे काढून कुणीतरी हातावर ठेवावं, तसा हा पिक्चर. मावशीनं थेटरातून बाहेर पडताना माझा हात धरला आणि रिक्षा मिळेपर्यंत सोडला नाही. यंदाच्या 52 मधला माझा पहिला हाच.

'क्लेअर ऑब्स्क्युर' या गेमवर मी निकाल देत नाही. माझ्या मशीनवर तो ओढत नाही, टिळकवाडीतल्या दोस्ताकडं चार रात्री बसून अर्धा झालाय. दरवर्षी आकडा एकनं उतरतो आणि त्या वयाची माणसं विरून जातात, ही सुरुवात मात्र डोक्यातून जात नाही.

खंडेनवमीला माग बंद असतात. आईनं चारी मागांना हळद-कुंकू वाहिलं, धोट्यांना, फणीला, बाबांच्या कात्रीला. माझा कंट्रोलर तिथंच चार्जिंगला होता. ती थांबली, म्हणाली, "ह्याला बी लावू काय?" मी म्हटलं, लाव. डाव्या काडीच्या शेजारी अजून थोडं कुंकू अडकलंय, मी काढलेलं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, अण्णांबरोबर 'कांतारा चॅप्टर 1' चा पहिला खेळ. त्याची दुसरी ओळ नव्या वहीत पडेल.

नव्या वहीचं पहिलं पान असं आहे: सिल्कसाँग, 41 तास, एक शेवट बघून झाला, तिसरा अंक उघडायचा बाकी. ब्लू प्रिन्सचे 37 कागद आजोबांच्या ग्राफ पेपरांबरोबर एकाच दोरीत बांधून माळ्यावर ठेवले. तिसऱ्या अंकात कुणी पोचलं असेल तर मला वाटेबद्दल सांगा, शेवटाबद्दल नको.