पातं शाबूत, खिळा गंजलेला

"काका, हे स्टेनलेस खरं की खोटं, एवढंच सांगा." ताईंनी काउंटरवर घडीचा चाकू ठेवला आणि पर्समधून चुंबक काढून पात्याला लावलं. चुंबक टक्कन चिकटलं. "बघा, लोखंड आहे!"

रत्नागिरीच्या बाजारात चाकू-कात्र्यांना धार लावताना हा चुंबकाचा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. घरातल्या ताटवाट्यांना चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून लोक तीच परीक्षा चाकूला लावतात. पण धार टिकावी म्हणून चाकूचं स्टेनलेस तापवून, झटकन थंड करून कडक केलेलं असतं आणि अशा स्टेनलेसला चुंबक चिकटतंच. त्यावरून खरंखोटं ठरत नाही.

ताईंच्या वडिलांना गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचा नाद. निवृत्तीनंतर जवळजवळ रोज पहाटे खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकांवर), नाहीतर खाडीच्या तोंडाशी. मागच्या रविवारी आमिषाचा बांगडा कापताना खटका सुटला, पातं मिटलं आणि अंगठ्याला तीन टाके पडले. पुढच्या महिन्यात त्यांची पंच्याहत्तरी, म्हणून ताईंना त्यांना न गंजणारा नवा चाकू द्यायचा होता. मोबाइलवर एक पसंतही करून ठेवला होता: लाटांची नक्षी असलेलं दमास्कस पातं, अक्रोडाची मूठ, चामड्याची म्यान.

मी आधी जुना चाकू उघडायला घेतला. आठ नंबरच्या टॉर्क्स (चांदणीच्या टोकाच्या) पेचकसाने फिरकीचा, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या सांध्याचा, स्क्रू हलेना, डोकं गंजून बुजलेलं. टोकदार सुईने खाचा साफ केल्या, गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब टाकले आणि वीस मिनिटं तसाच ठेवला. मग करकरत निघाला. आत पांढरट मीठ, बारीक वाळू आणि लालसर चिखल यांचा लगदा झाला होता. पातं ज्या बारीक छऱ्यांवर फिरायचं, ते गंजून एकमेकांना चिकटले होते. मुठीच्या आतल्या पत्र्याला खवले धरले होते. याच पत्र्याची एक जीभ पात्याच्या बुडाखाली सरकून त्याला अडवते. गंजामुळे ती अर्धीच सरकत होती. खटका बसल्यासारखा वाटायचा, पण बसलेला नसायचा.

पात्यावर मात्र धारेजवळ सुईच्या टोकाएवढे चार-पाच खड्डे, बाकी लख्ख. पातं खरंच स्टेनलेस होतं. ताई बराच वेळ त्या लगद्याकडे बघत राहिल्या.

स्टेनलेसमधलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पात्यावर अगदी पातळ थर धरतं. ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा जुळतो. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड हा थर ठिकठिकाणी फोडतं. उघड्या पृष्ठभागावर हवा मिळाली की तो सावरतो. पण फिरकीच्या खाचेत खारं पाणी अडकून बसतं, ऑक्सिजन पोचत नाही आणि तिथे स्टेनलेससुद्धा हरतं. त्यात स्वस्त चाकूंचे छरे आणि स्क्रू अनेकदा साध्या पोलादाचेच असतात. म्हणून गरवणाऱ्यासाठी चाकू घेताना मी पात्याच्या आधी फिरकी बघतो. छऱ्यांपेक्षा साध्या ब्राँझच्या किंवा प्लास्टिकच्या चकत्या बऱ्या, वाळूने त्या इतक्या अडत नाहीत.

दमास्कसला मी स्पष्ट नाही म्हटलं. नक्षीची बरीचशी पाती दोन कार्बन पोलादांचे थर ठोकून केलेली असतात. स्वयंपाकघरात जिवापाड जपली तर टिकतात, खाडीवर आठवड्यात तांबूस पडतात. चामडं ओल धरून ठेवतं, त्यामुळे म्यानेत ठेवलेला चाकू उघड्यावरच्यापेक्षा लवकर खराब होतो. लाकडी मूठ पाण्याने फुगते आणि घडीच्या चाकूचं पातं आवळून धरते.

ताईंचा दुसरा पर्याय डी-२ नावाच्या पोलादाच्या चाकूचा होता. "त्यात बारा टक्के क्रोमियम आहे म्हणे," त्या म्हणाल्या. आकडा बरोबर आहे. पण त्यात कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो. तो क्रोमियमला धरून कडक कण बनवतो, मग गंज रोखायला क्रोमियम कमी उरतं. डी-२ची धार सुरेख टिकते, समुद्रावर मात्र डाग धरते. पाकिटावर नुसता क्रोमियमचा आकडा वाचून उपयोग नाही, कार्बन किती तेही बघावं लागतं.

ताईंचा भाऊ अमेरिकेहून येणार होता, म्हणून मी एलसी-२००-एन पोलादाचं नाव कागदावर लिहून दिलं. यात क्रोमियम सुमारे १५ टक्के आणि कार्बन जेमतेम ०.३. कडकपणासाठी कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजन करतो, त्यामुळे क्रोमियम मोकळं राहतं. स्पायडर्को या अमेरिकन चाकू कंपनीच्या सॉल्ट मालिकेत या पोलादाचे चाकू निघाले आहेत. तीन इंचांच्या आसपासचं पातं पुरे, कोळंबी सोलायला, बांगडा कापायला आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तोडायला त्याहून लांब लागत नाही. मूठ काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची, खडबडीत, म्हणजे माशाच्या चिकटाने हात निसटणार नाही. खटका मुठीच्या पाठीवरचा, दाबून सोडायचा. त्यात बोट पात्याच्या वाटेत येत नाही, पंच्याहत्तरीतल्या हाताला हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रंगाबद्दल विचारलं तेव्हा पिवळी मूठ सांगितली. काळा चाकू खडपाच्या कपारीत पडला की गेलाच. पातं गुळगुळीत घासलेलं हवं. वाळूचा मारा करून मंद केलेल्या पात्याच्या खरबरीत पृष्ठभागावर मीठ धरून राहतं.

तेवढ्यात कायद्याचाही प्रश्न आला. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची नोंद आहे, हा त्यात बसत नाही. तरी पोलिसांचा जमावबंदीचा किंवा शस्त्रबंदीचा आदेश असेल त्या दिवशी तो घरी ठेवावा. बटण दाबून उडणारा चाकू घेऊच नये. भावाने येताना चाकू चेक-इन सामानातच ठेवायचा, हातातल्या बॅगेत तो विमानतळावरच काढून घेतील.

मग म्हणाल्या, "बाबांना निगा कशी ठेवायची तेही लिहून द्या. मोठ्या अक्षरात."

लिहून दिलं. घरी आल्यावर चाकू उघडून गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवावा. पाण्यातच पातं वीस वेळा उघडावं-मिटावं, म्हणजे खाचेतलं मीठ सुटतं. झटकून, उघडाच, सावलीत वाळवावा. आठवड्यातून एकदा फिरकीवर औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब. गोडेतेल नको, ते चिकट होऊन वाळू धरतं. तारेच्या घासणीने कधीच घासू नये, तिचे लोखंडाचे कण पात्यात रुततात आणि तेच पहिले गंजतात.

जुना चाकू जोडून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. छरे बदलता येतील, पण खटक्याची जीभ खाल्ली गेली आहे, तो पुन्हा सुटणारच. स्क्रू, पत्रा आणि पातं वेगवेगळं कागदात गुंडाळून परत दिलं. बाबांना आतला लगदा दाखवायचा होता, म्हणून पत्रा मी पुसला नाही.

निगेचा कागद त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतला, गरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायला.