पानं कापणारा सापडला एकदाचा

रविवार. पाऊस चालू, लाईट नाही, मोबाईल ४० टक्के.

सकाळी चहाच्या आधी बाहेर जाऊन आले, आंब्याच्या कलमाखाली आज तीनच पानं पडलेली. तीन! मागच्या महिन्यात रोज पंधरा-वीस असायची. एवढ्याशाचा पण किती आनंद होतो माणसाला.

म्हणजे कसंय, आमच्या पडवीसमोर जुना रायवळ (कोयीतून वाढलेला गावठी आंबा) होता, तो ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मुळासकट आडवा झाला, दापोली तालुक्यात तेव्हा कोणाचं काय धड राहिलं होतं म्हणा, आमची निम्मी कौलं पण उडाली. नंतर किती वर्षं ती जागा नुसती भकास. शेवटी गेल्या पावसाळ्यात ह्यांनी नर्सरीतून रत्नाचं कलम आणलं. रत्ना म्हणजे आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठानेच १९८१ ला काढलेली जात, नीलम आणि हापूसचा संकर, त्यात साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो) होत नाही. हे सगळं ह्यांनी आईंना (सासूबाईंना) कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल, पण चोखून खायचा आंबा नव्हे तो."

वर्षभर कलम होतं तसंच, वाढेना पण आणि मरेना पण. यंदा पहिल्या पावसानंतर तांबूस पालवी आली, इतकी लुसलुशीत, मी लगेच फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि चौथ्या दिवशी बघते तर सगळी पानं खाली. कुरतडलेली नाहीत हां, चक्क कात्रीने सरळ कापल्यासारखी, देठाकडचा टीचभर तुकडा झाडावर आणि बाकीचं पान चिखलात. माझा पहिला संशय शेजारच्या पोरावर. खोटं कशाला बोलू, त्याच्या आईला मी ते ऐकवलं पण. मग परत पालवी आली आणि परत तेच, आणि तेव्हा तो पोरगा आठ दिवस मामाकडे होता. (सॉरी म्हणायचं अजून राहिलंय. बघू.)

मग वाडीतले काका आले, त्यांची स्वतःची बाग आहे. त्यांनी पडलेलं एक पान उचललं, उलटं केलं आणि मधल्या शिरेवर नख ठेवून दाखवलं, बारीक बारीक टोचे. "अंडी घातलीन यात, आणि मग पान कापलंन." भुंगा! एवढुसा, सोंडवाला, तांदळात होतो ना तसला. कोवळ्या पानाच्या शिरेत अंडी घालायची आणि पान कापून खाली टाकायचं, अळी त्या पडलेल्या पानात आरामात खाते, मोठी झाली की मातीत शिरते आणि भुंगा होऊन परत वर. म्हणून औषधाचं नंतर बघा, आधी पडलेली पानं रोजच्या रोज वेचून जाळा म्हणाले. तेव्हापासून माझी सकाळ ही अशी, प्लॅस्टिकची पिशवी घेऊन वाकून पानं वेचायची आणि न्हाणीच्या चुलीत घालायची. ओली पानं, नुसती धुमसतात, आंघोळीला जाणारा प्रत्येक जण मला शिव्या घालतो.

पण खरी लाज पुढे आहे. काका वाकलेच होते तर त्यांना कलमाचा जोड (खालच्या रोपाला वरची रत्नाची काडी बांधतात ती जागा) दिसला, त्यावरची प्लॅस्टिकची पट्टी तशीच! आम्ही कोणी काढलीच नव्हती. खोडात रुतून बसलेली, हातात घट्ट रबरबँड राहिला की वळ उठतो तसा वळ. भुंग्याच्या नावाने ओरडत होतो आणि गळा आम्हीच आवळलेला. ब्लेडने उभी चीर देऊन काढली, हात थरथरत होते माझे.

आणि जोडाच्या खाली एक फांदी फुटली होती, हातभर, टवटवीत. तिच्याकडे बघूनच तर आम्ही झाड जगलं म्हणत होतो. काका म्हणाले ही रत्ना नव्हे, खालच्या खुंटाची, म्हणजे कोयीतून उगवलेल्या रायवळाची. ठेवलीत तर सगळं तीच ओढेल आणि वरचं कलम सुकेल.

आई ओट्यावरून ऐकत होत्या. "रायवळ काय? मग राहू दे की. ज्याला जगायचंय ते जगतंय."

कोणी काही बोललं नाही. ह्यांनी कात्री माझ्या हातात दिली, स्वतः पागोळीचं पाणी आळ्यात येतं तिथे चर मारायला निघून गेले. मी कापली. आई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

आता पट्टी काढून महिना झाला. वळ अजून दिसतो, पण वर पाच नवी पानं तांबूसाची हिरवी झालीत, निबर झाली की भुंगा त्यांच्या वाटेला जात नाही.

आणि आज कळलं, न्हाणीच्या मागे दुधाच्या पिशवीत आईंनी कोय लावलीय, मे महिन्यात कोणाकडचा तरी रायवळ खाल्लेला त्याची. वीतभर रोप आलंय. मला कळलं कशावरून, तर मघाशी त्या स्वतःच एक कापलेलं पान घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पण झाडाखालचं वेचत जा गो उद्यापासून, मला वाकायला होत नाही."