वांग्याचे तोडे आणि 22 दिवसांची अट

वांग्यावर शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीसाठी क्लोरअँट्रानिलीप्रोल 18.5 टक्के एससी (द्रवरूप कीटकनाशक) मारायचं ठरलं, की डब्यातलं माहितीपत्रक उलगडून शेवटचा रकाना आधी बघा. वांग्यासाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस, 22. हेच औषध टोमॅटो-कोबीवर 3 दिवस आणि भेंडीवर 5 दिवस. औषध एक, पिकागणिक आकडा वेगळा. म्हणून ‘टोमॅटोला चालतं ते वांग्याला चालतं’ हा हिशेब फसतो.

वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांनी निघतो. 22 दिवसांत चार-पाच तोडे होतात आणि एवढा माल फेकून कोण देणार? तो आडतीवर जातो. अवशेष सापडतात ते बऱ्याचदा असे, मंजूर औषधाचेच. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही इथे कामाचा नाही. तो विषारीपणा सांगतो, माल कधी तोडायचा ते नाही.

वाट सोपी आहे. हे औषध फळं धरण्याआधी, शेंडे मलूल दिसायला लागतात तेव्हा वापरून मोकळं व्हायचं. तोडे सुरू झाल्यावर गरज पडलीच तर इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के एसजी (पाण्यात विरघळणारं दाणेदार कीटकनाशक), वांग्यावर प्रतीक्षा काळ 3 दिवस. मात्रा हेक्टरी 200 ग्रॅम. 500 लिटर पाणी धरलं तर एकराला 80 ग्रॅम आणि 15 लिटरच्या पंपाला 6 ग्रॅम. हे 6 ग्रॅम टोपणाने मोजू नका. टोपण सपाट की शीग, यातच मात्रा दीडपट होते. शंभर-दीडशे रुपयांचा छोटा वजनकाटा घ्या. सकाळी तोडा, संध्याकाळी फवारणी, हा क्रम उलटा झाला की 3 दिवसही पाळले जात नाहीत. मलूल शेंडे अळीसकट खुडून नष्ट केले आणि कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावले तर एखादी फवारणी वाचते.

भेंडी जास्त अडचणीची. तोडा एक दिवसाआड, इमामेक्टिनचा प्रतीक्षा काळ 5 दिवस, आणि थांबावं तर शेंग जून होते. फवारलंच, तर पाच दिवसांतल्या शेंगा तोडून खड्ड्यात टाकायच्या. गुरांपुढे नाही, दुधाचा प्रश्न आहे. तोडे ऐन भरात असताना 5 टक्के निंबोळी अर्क बरा: 5 किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून पाणी 100 लिटर करायचं. अर्क त्याच दिवशी संपवा.

वांग्याच्या सरीत कोथिंबीर किंवा मेथी टाकायची सवय मात्र सोडायला हवी. फवारा तिच्यावर उडतोच. पानाचं क्षेत्रफळ वजनाच्या मानाने मोठं, त्यामुळे किलोमागे अवशेष जास्त. त्यात ज्या औषधाची त्या भाजीसाठी मर्यादाच ठरलेली नाही, तिथे एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) सरसकट मर्यादा लागते: किलोला 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे 100 टन भाजीत 1 ग्रॅम.

जमिनीचा हिशेब फवारणीपेक्षा लांबतो. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं औषध आळवणीतून, पाण्यात मिसळून मुळाशी ओतून दिलं, की मातीत ते काही आठवडे ते काही महिने टिकतं. उन्हात पानावर ते लवकर मोडतं, मातीत ऊन पोचत नाही. आळवणी केलेल्या वाफ्यात लगेच पालक घेतला तर मुळं ते उचलतात आणि एकदाही न फवारलेल्या पालकात अवशेष निघतात. मध्ये मका किंवा ज्वारी घ्या.

घरी धुण्याने वरची धूळ आणि वरवरचं औषध जातं, देठाच्या टोपीखाली साचलेलंही टोपी काढली की जातं. गरात उतरलेलं जात नाही, मीठ घातलं तरी.

तपासणीला माल पाठवायचा तर वेगवेगळ्या झाडांवरची किमान 10 वांगी आणि वजन किमान 1 किलो. न धुता, न पुसता, बर्फाच्या डब्यात. मातीचा नमुना 15 सेंमी खोलीपर्यंतचा, आठ-दहा जागांचा एकत्र करून, उन्हात न वाळवता. आणि देताना ‘कीटकनाशक अवशेष’ असं स्पष्ट लिहा. नत्र-स्फुरद-पालाशच्या अहवालात यातलं काहीच दिसत नाही.