दोनदा चुकलेली बोटं

आज 14 वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यात अंपायरिंग केलं. आखूड टप्प्याचा एक वेगवान चेंडू थेट एका पोराच्या हेल्मेटवर आदळला. धावत गेलो. "मी ठीक आहे सर, खेळतो," म्हणाला. पण हनुवटीखालचा पट्टा लावताना त्याची बोटं दोनदा चुकली. कितवी ओव्हर चालू आहे विचारलं, तर स्कोअरबोर्ड शोधायला लागला.

त्याला बाहेर न्यायला सांगितलं. प्रशिक्षक चिडले. सामना रंगात आला होता, त्यांचा राग कळतो मला. पण डोक्याला लागलेल्या माराची लक्षणं कधीकधी काही तासांनी दिसतात, आणि तेवढ्यात दुसरा फटका बसला तर? आयसीसीने 2019 मध्ये अशा खेळाडूसाठी बदली खेळाडूची सोय केली. ती मोठ्या माणसांसाठी होते, मग ही तर कोवळी पोरं!

तो चेंडू मी नो बॉल दिला आणि गोलंदाजाला ताकीदही दिली. "हेल्मेट आहे ना त्याला, सर!" कर्णधार म्हणाला. क्रिकेटच्या कायद्यातलं कलम 41.6 नेमकं याच्या उलट सांगतं: फलंदाजाचं कौशल्य बघा, अंगावरची साधनं धरू नका. हे पोरांना कुणीतरी सरावातच शिकवायला हवं.

सामना संपल्यावर पाहिलं, तो हेल्मेट मांडीवर घेऊन गप्प बसला होता. त्याच्या आईला म्हटलं, "ताई, आजच डॉक्टरांना दाखवा. उलटी झाली किंवा फार गुंगी वाटली, तर सकाळची वाट बघू नका."