बॅलास्ट टाकीत उतरण्याआधी : माझा अनुभव

जहाजावरून सुट्टीवर सोलापुरात आलो की लोक दोनच गोष्टी विचारतात: वादळ लागलं का आणि चाचे दिसले का. जहाजातल्या रिकाम्या टाकीबद्दल कुणीच विचारत नाही. वादळाचा इशारा आधी मिळतो, तयारीला वेळ असतो. बंद टाकीतली हवा मात्र काहीच कळू देत नाही. तिला रंग नसतो, बऱ्याचदा वासही नसतो, आणि माणूस शिडीवरच कोसळतो. गल्लीतली दोन-तीन मुलं सध्या मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतायत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय.

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर होते. मी जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशी व्हायचा, सहा महिन्यांचा कोर्स केला आणि बल्क कॅरिअरवर, म्हणजे कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, लागलो. कागदपत्रांत फार अडत नाही. इन्डॉस नंबर म्हणजे खलाशाचा ओळख क्रमांक, सीडीसी म्हणजे जहाजावरच्या नोकरीची नोंदवही, मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून मेडिकल, त्यात रंग ओळखण्याची तपासणी. एकच सांगतो, भरती करणाऱ्याकडं नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का ते आधी बघा. नोकरी लावायला खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही, मग तो एजंट कितीही ओळखीचा असो.

जहाजावर जाण्याआधीच्या सुरक्षेच्या कोर्सेसना पोरं ‘सर्टिफिकेटापुरतं’ म्हणतात. तसं म्हणू नका. जीव वाचवण्याची तंत्रं, आग विझवणं, प्रथमोपचार आणि जहाजावर वागण्याच्या जबाबदाऱ्या असे ते चार भाग. मी शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेला, त्यामुळं पाण्याची भीती नव्हती. पण लाइफजॅकेट घालून उलटा पडलेला तराफा सरळ करायचा म्हणजे वेगळीच ताकद लागते. धुराच्या खोलीत तर पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क आणि समोर मिट्ट काळोख. भिंतीला हाताची मागची बाजू लावून सरकायचं, कारण उघडी वायर लागली तर तळहाताची मूठ तारेवरच आवळते. सिलिंडर संपत आला की शिट्टी वाजते. ती वाजली की काम तसंच सोडून बाहेर यायचं. सर म्हणायचे, ‘शिट्टीनंतर विचार करायचा नाही.’

जहाजावरची सगळी व्यवस्था आयएसएम कोडवर, म्हणजे जहाज सुरक्षित चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीवर, चालते. त्याच्यामागं एक मोठा अपघात आहे. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही माणसं-गाड्या नेणारी फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि उलटली. १९३ माणसं गेली. दार लावायचं ज्याच्याकडं होतं तो केबिनमध्ये झोपला होता, आणि दार लागलंच असेल असं वरच्यांनी धरून चाललं होतं. चौकशीत कंपनीच्या कारभारावरही ठपका आला. १ जुलै १९९८ पासून प्रवासी जहाजं, टँकर आणि बल्क कॅरिअर यांना हा कोड सक्तीचा झाला, २००२ पासून बाकीच्या मालवाहू जहाजांनाही. म्हणून आमच्याकडं ‘झालं असेल’ हे उत्तर चालत नाही. बघितलंस का, कुणी बघितलं, सही कुठाय, हे विचारलंच जातं.

आता टाकीकडं येतो. बॅलास्ट टाकी म्हणजे जहाजाचा तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात ती. ती रिकामी करून आतला रंग आणि गंज तपासायला माणूस उतरतो. टाकी महिनोन् महिने बंद असते आणि ओल्या लोखंडाला गंज चढताना तो हवेतला ऑक्सिजन खातो. कोळसा, लाकडाचे तुकडे असले माल भरलेल्या होल्डमध्येही, म्हणजे जहाजाच्या माल ठेवायच्या कोठारातही, हेच होतं, इतकंच नव्हे तर शेजारच्या शिडीच्या जागेतसुद्धा. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १० च्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो, ६ च्या खाली काही श्वासांतच संपतो.

माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी आमचे बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, रत्नागिरीकडचे होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. आदल्या दिवसापासून मॅनहोलची झाकणं उघडून हवा खेळवणारा ब्लोअर लावलेला. सकाळी डेकवर सगळ्यांना गोळा करून चीफ ऑफिसरनी टाकीत उतरायचं परमिट वाचून दाखवलं: आत कोण जाणार, तोंडाशी कोण थांबणार, वॉकीटॉकीवर दर किती वेळानं बोलायचं, स्ट्रेचर, दोर आणि हवेचे सिलिंडर कुठं ठेवलेत. मग वायू मोजायच्या मीटरची नळी टाकीत सोडली. वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणची हवा घ्यायची, कारण हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू जड असतो, तो तळाला बसतो. ऑक्सिजनचा वरचा आकडा २०.९, मधला २०.९. तळाचा २०.१.

मला वाटलं एवढ्याशा फरकानं काय होतंय. काकांनी परमिट घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, ‘बाळा, पाऊण टक्का कमी म्हणजे काहीतरी ऑक्सिजन खातंय नाहीतर त्याची जागा घेतंय. काय ते हा आकडा सांगत नाही.’ चीफ ऑफिसरनी मग हिशेब मांडला. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा. दुसऱ्या वायूनं हवा बाजूला सारल्यामुळं ऑक्सिजन १ टक्का उतरला असेल, तर तो दुसरा वायू तिथं ५ टक्के आहे, म्हणजे दहा लाखांत पन्नास हजार भाग. हायड्रोजन सल्फाइड तर हजार भागांच्या आतच जीव घेतो. ब्लोअर परत चालू केला, दुपारी तळाचा आकडा २०.९ वर स्थिर झाला, तेव्हा माणसं उतरली. ब्लोअर बंद पडला तर तिथल्या तिथं बाहेर यायचं, हेही परमिटवर होतंच.

मला आत न्यायचं नव्हतं, तोंडाशी उभं करायचं होतं. हे काम मला तेव्हा हलकं वाटलं, आज मी ते सगळ्यात जबाबदारीचं मानतो. आतला कोसळला तर आत उडी मारायची नाही, धोक्याचा इशारा द्यायचा आणि तिथून हलायचं नाही. ऐकायला कठोर वाटतं. पण बंद जागेतल्या कितीतरी अपघातांत दुसरा आणि तिसरा मेलेला माणूस हा वाचवायला गेलेला असतो. म्हणूनच १ जानेवारी २०१५ पासून दर दोन महिन्यांनी बंद जागेतून सुटकेचं ड्रिल सक्तीचं आहे. आम्ही मॅनहोलमधून पुतळा वर काढतो. निपचित पडलेलं शरीर त्या भोकातून काढणं किती अवघड आहे ते तेव्हा हाताला कळतं.

हे ज्ञान आपल्याकडं नव्हतं असं नाही. आजोबा मंगळवेढ्याकडचे, ज्वारी साठवायच्या जमिनीखालच्या पेवात उतरण्याआधी ते कंदील सोडायचे. विझला तर त्या दिवशी पेवात कुणी नाही. फक्त कंदील विझतो तो साधारण १६-१७ टक्क्यांना, विषारी वायू त्याला कळत नाही, आणि ज्वलनशील वायू असलेल्या टाकीत तो नेला तर स्फोट होईल.

मुलांनो, आणखी एक बघा. २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती हा तुमचा हक्क आहे. ती न मिळालेला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो. आणि आकडा पटला नाही तर ‘थांबा’ म्हणायचा अधिकार नव्या खलाशालाही आहे. चांगल्या जहाजावर त्याबद्दल कुणी रागवत नाही.

यंदाच्या सुट्टीत शेजारच्या तात्यांनी शौचालयाची टाकी साफ करायला माणूस बोलावला. तो बादली-दोर घेऊन आलेला, सोबत त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा. मी तात्यांना म्हटलं, ‘तात्या, ह्यांना आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि आतला पडला तर हा पोरगा पाठोपाठ उडी मारणार.’ तात्या म्हणाले, ‘अरे, दरवेळी हेच येतात, काही झालं नाही आजवर.’ मग मी त्यांना ओसरीवर बसवून तो २०.१ चा हिशेब सांगितला. त्या माणसाचे दिवसाचे पैसे तात्यांनी दिले, आणि टाकी उपसायला पाइपवाली गाडी मागवली. झाकण उघडं होतं तोवर तो मुलगा आणि मी गल्लीतल्या पोरांना लांब ठेवत उभे राहिलो. तेवढ्यात त्यानं जीपी रेटिंगबद्दल विचारलं, तेव्हा आधी त्याला परवान्याचं सांगितलं आणि मग तोंडाशी थांबणाऱ्याच्या कामाचं.