नऊ मिनिटांचा फ्लॅशबॅक

29 ऑगस्ट 2017 हा ज्येष्ठा गौरींच्या आवाहनाचा दिवस होता. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या मालिकेच्या सेटवर प्लायवूडच्या देवघरापुढे गौरींचे मुखवटे सजून तयार होते. त्या ज्यांच्या हातून उंबरठा ओलांडणार होत्या, त्या नायिकेची गाडी मात्र गोरेगावच्या पुढे पाण्यात अडकली होती. सांताक्रूझला त्या दिवशी 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि लोकल बंद पडल्या. गणपतीच्या सुट्टीत आमची बँक, म्हणजे शिल्लक भागांचा साठा, संपली होती. रात्री आठला जाणाऱ्या 22 मिनिटांच्या भागापैकी जेमतेम 13 मिनिटे हाताशी होती.

मी तेव्हा कंटिन्युटी सांभाळत असे, म्हणजे आधीच्या भागांतले तपशील पुढच्या भागांशी जुळावेत म्हणून त्यांच्या नोंदी ठेवत असे. उरलेल्या नऊ मिनिटांसाठी जुन्या गौरींचा फ्लॅशबॅक लावायचा असे ठरले आणि सगळ्यांनी माझ्या वह्यांकडे पाहिले. मालिकेचे सहावे वर्ष चालू होते. पहिल्या वर्षीच्या गौरींत थोरली जाऊ वेगळी होती, कारण ती अभिनेत्री नंतर मालिका सोडून गेली. तिसऱ्या वर्षी सासरे हसतमुखाने पानावर बसलेले दिसत होते आणि पुढच्या ट्रॅकमध्ये तेच सासरे लग्नाआधीच वारल्याचे कुणीतरी लिहून ठेवले होते. चौथ्या वर्षी घरात सुतक असल्यामुळे गौरी बसल्याच नव्हत्या. कथा, पटकथा आणि संवाद तीन वेगळ्या हातांनी लिहिले जातात आणि ते हातही बदलतात, त्यामुळे असे घोळ होतातच. ई टीव्ही मराठीवर 2001 ते 2013 चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून अधिक भाग झाले, तिथली नाती आणि बारशी कुणी कशी लक्षात ठेवली असतील, याचे मला अजून नवल वाटते.

पाचव्या वर्षाने चार मिनिटे दिली. बाकीची पाच आमच्या हेअरड्रेसर ताईंनी शोधली. “दुसऱ्या वर्षी रात्री स्वयंपाकघरात सासू-सून पुरण वाटत बसल्या होत्या. सुनेची वेणी डाव्या खांद्यावर होती, मीच घातली होती,” असे त्या गंगावन विंचरता विंचरता म्हणाल्या. मी तो प्रसंग ‘गौरी’खाली न नोंदवता ‘स्वयंपाकघर, रात्र’ म्हणून नोंदवला होता, म्हणून तो मला सापडत नव्हता. दोन्ही चेहरे आजचेच होते. अडचण एकच होती: बाहेरून नायकाचा “आई, झालं का गं?” असा आवाज येत होता आणि तो आधीच्या नायकाचा होता. सध्याच्या नायकाला मेकअप रूममध्ये नेऊन, पंखा बंद करून आणि दारावर रजया टांगून आम्ही ते एक वाक्य पुन्हा ध्वनिमुद्रित केले. पत्र्यावरचा पाऊस तरीही त्यात उतरला, तो तसाच ठेवला.

सव्वासातला भाग वाहिनीकडे चढू लागला आणि इंटरनेट रखडत रखडत आठला दहा मिनिटे असताना पोहोचला. आम्ही सेटवरच अडकलो होतो, तेव्हा प्रसादाला आणलेली भाजी-भाकरी खात तो सगळ्यांनी मिळून पाहिला.

साडेआठला नौपाड्याहून आईचा फोन आला. मी घरी कशी येणार, हे विचारण्याआधी ती म्हणाली, “अगं, तुमच्या त्या स्वयंपाकघरातले डबे तेव्हा पितळेचे होते. ते मोडीत कधी काढले?”